शब्दचर्चा: असल्या कामाला म्हणायचं काय? क्लृप्ती, करामत, हिकमत?

एक शब्द अडलाय, जाणकारांनी सांगा. मी व्यापाऱ्यांची एक्सेलची कामं करून देतो. गेल्या आठवड्यात एका आडत दुकानात होतो, शेतकऱ्यांची यादी, १४०० च्या आसपास ओळी, आणि एकेका सेलमध्ये नाव, गाव, मोबाईल नंबर सगळं एकत्र कोंबलेलं. दिवाणजी दोन दिवस एकेक नंबर वेगळा टाईप करत बसलेले. मी शेजारच्या कॉलममध्ये पहिल्या शेतकऱ्याचा नंबर टाकला, एंटर मारलं आणि कंट्रोल दाबून ई. खालपर्यंत सगळा कॉलम भरला. शेठ गादीवरून उठून माझ्या मागे येऊन उभे, "परत करून दाखवा". दिवाणजी म्हणाले, "जादूच केलीत की हो!"

आता ही सोय एक्सेलमध्ये २०१३ पासून आहे, फ्लॅश फिल म्हणतात, मला त्यात काही कष्ट पडले नाहीत. पण जादू म्हणलेलं खटकलं. उद्या तेच शेठ म्हणतील वर्षाचा हिशेबही असाच दोन मिनिटात करून टाका, त्याचे कसले पैसे. मराठीत नेमका शब्द कुठला?

———

क्लृप्ती म्हणा. वर्णमालेतला तो ऌ आठवतोय ना, संस्कृतात तो ज्या एकाच धातूत सापडतो त्यातूनच हा शब्द आलाय, आणि कल्पना, संकल्प, विकल्प ही त्याचीच भावंडं. म्हणजे डोकं चालवलंय हे त्यात आलंच. हातचलाखी अजिबात नको, त्यात बघणाऱ्याला फसवणं आहे. जुगाड हिंदीतून आलाय, आणि ऐकलं की वाटतं तात्पुरतं बांधलंय, कधीही सुटेल.

———

दादा, क्लृप्ती लिहायला छान, पण मार्केट यार्डात कोण बोलणार? करामत म्हणाल तर तो अरबी शब्द, मुळात पीर-अवलियांचा चमत्कार, म्हणजे फिरून जादूच. शिवाय घरी "नसत्या करामती करू नको" म्हणून ओरडा खाल्लेला असतो सगळ्यांनी. किमयाचंही तेच, लोखंडाचं सोनं करायची विद्या ती. माझं मत हिकमत. हाही अरबीच, हकीम ह्याच घरातला, मूळ अर्थ शहाणपण. हिकमती माणूस म्हणजे अडलेलं काम कसं सोडवायचं हे ज्याला कळतं तो.

———

शब्दापेक्षा त्याच्यासोबत क्रियापद कुठलं येतं ते बघा. जादू करतात, करामत दाखवतात, हिकमत लढवतात, शक्कलही लढवतात, म्हणजे सगळं करणाऱ्याच्याच हातात राहतं आणि बाकीचे नुसते बघे. युक्ती मात्र आपण *सांगतो*. "मला एक युक्ती सांग ना" हे पोरंसुद्धा म्हणतात. धातू युज्, जोडणं, योजना आणि योग त्यातलेच. साधा शब्द आहे म्हणून आपण त्याला हलका समजतो, पण एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा ह्या सगळ्यात हा एकच, आणि तुमच्या दिवाणजींना तर तेच हवंय.

———

ताई, क्रियापदाचं एकदम पटलं. काल परत गेलेलो तेव्हा दिवाणजींना शेजारी बसवून त्यांच्या हातानं करून घेतलं, आणि हेही सांगितलं की हा फॉर्म्युला नाही, मूळ सेलमधला नंबर नंतर बदललात तर शेजारचा आपोआप बदलत नाही, आणि एका नमुन्यावरून अंदाज करतो म्हणून काही ठिकाणी गुपचूप चुकीचं भरतो. त्यांनी चष्मा लावून पूर्ण कॉलम नजरेखालून घातला तर जिथे एकाच शेतकऱ्याचे दोन नंबर होते तिथले सहा-सात चुकलेले त्यांनीच पकडले, मला दिसले नव्हते. मी निघताना ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "एक युक्ती शिकलोय, या, दाखवतो."

बिलावर "यादी दुरुस्ती व शिकवणी" लिहिलं. शेठनी घासाघीस न करता दिलं.