मदत हवी आहे: हॅम्बुर्ग–व्हिएन्ना नाइटजेटमध्ये आईसाठी कोणती जागा घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे हॅम्बुर्गला येत आहेत. त्यांना घेऊन नाइटजेट या ऑस्ट्रियन रेल्वेच्या रात्रीच्या गाडीने व्हिएन्नाला जायचंय. या मार्गावर डिसेंबर २०२३ पासून सीमेन्सने बांधलेल्या सात डब्यांच्या नव्या गाड्या धावतात. तिकीट काढताना मात्र अडलोय.

आईचे गुडघे दुखतात. महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूरला जाताना ती लोअर बर्थच मागते. रात्री उठली की आधी पायाने चपला चाचपते, मग मधल्या बर्थची साखळी धरून हळूहळू उभी राहते. नव्या गाडीतल्या मिनी केबिन एकावर एक आहेत, एकेका माणसापुरत्या, सरकत्या दाराच्या. बूट आणि सामान बाहेरच्या कप्प्यात ठेवायचं, तो कार्डने उघडतो. शेजारच्या दोन केबिनमधली झडप उघडता येते, म्हणजे दोघांना एकमेकांशी बोलता येईल. हे मला फार आवडलं.

पण खालच्या केबिनमधून बाहेर येताना धरायला काही आहे का? आत पाठ ताठ ठेवून बसता येतं का? आणि स्वच्छतागृह किती लांब पडतं?

दुसरा पर्याय स्लीपिंग कारचा, म्हणजे झोपायच्या खोल्या असलेल्या डब्याचा. तिथे दोघांच्या खोलीतच शौचालय आणि शॉवर आहे, पण भाडं बरंच जास्त. तरी आईसाठी तेच बरं, असं मला आतून वाटतंय. बाबांना वरच्या बर्थवर चढावं लागेल. ती शिडी सत्तरीच्या माणसाला झेपेल का?

वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.