अर्धशिशीची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, दुसऱ्या अपिलात काय लिहू?

सातारची लेक:
नमस्कार. आमचे हे पायदळातून २०२१ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले, सेवा २४ वर्षं. अर्धशिशीमुळं मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, खाली आली होती, म्हणून दोन वर्षांचं एक्स्टेन्शन मिळालं नाही. रिलीज मेडिकल बोर्डानं, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळानं, २० टक्के डिसॅबिलिटी दिली, कायमची. पण शेरा मारला की सेवेमुळं झालेली नाही आणि सेवेमुळं वाढलेलीही नाही. कारण म्हणून एकच ओळ, ‘सुरुवात पीस स्टेशनला’, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीत. क्लेम गेला, पहिलं अपीलही फेटाळलं. ते पत्र दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आलं, आता शिमगा होऊन गेला. दुसऱ्या अपिलाची मुदत सहा महिने, म्हणजे हातात जेमतेम महिना.

दुखणं खरं सुरू झालं लडाखला, २०११ मध्ये. पोस्टवर डॉक्टर नव्हता, नर्सिंग असिस्टंट होता. तो गोळी द्यायचा, ती घेऊन हे ड्युटीवर उभे राहायचे. सिक रिपोर्ट केला की आपली ड्युटी जोडीदाराच्या गळ्यात पडते, म्हणून बोलायचे नाहीत. २०१३ ला पीसला आल्यावर परेडनंतर उलट्या होऊन खाली बसले, तेव्हा इस्पितळात नेलं आणि कागदावर पहिल्यांदा ‘मायग्रेन’ लिहिलं गेलं.

आजही महिन्यातून चार-पाच वेळा उठतं. माजघराच्या खिडकीला घोंगडी लावते. कुकर लावत नाही, भात पातेल्यात शिजवते. धाकटा चपला हातात घेऊन आत येतो. एमआयडीसीत सिक्युरिटीची नोकरी लागली होती, पण रात्रपाळीनं दुखणं वाढलं आणि तीन महिन्यांत सोडावी लागली. एमआरआय नॉर्मल आला, तेव्हापासून भावकीतली माणसंसुद्धा म्हणतात, ह्याला काही झालेलं नाही. चोवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं, ते मला सहन होत नाही.

अपील कसं लिहू, कुणी सांगेल का?

निवृत्त सुभेदार क्लार्क:
ताई, माझी सगळी नोकरी असल्याच कागदांत गेली, म्हणून सविस्तर लिहितो. आधी ते फेटाळल्याचं पत्र लिफाफ्यासकट जपून ठेवा. मुदत ते हातात पडल्यापासून मोजायची.

बोर्डानं निदानाची तारीख आणि दुखणं सुरू झाल्याची तारीख एकच धरली. अपिलाचा सगळा भार ह्याच मुद्द्यावर ठेवा. टक्क्यांवर वाद घालू नका, २० ही किमान अट आहे आणि ती तुमच्याकडं आहे. लडाखला कधीपासून कधीपर्यंत होते, किती उंचीवर, पीसला कधी आले, कॅटेगरी कधी बदलली, सगळं तारखेनिशी लिहा.

बोर्डाची पूर्ण प्रोसिडिंग, म्हणजे एएफएमएसएफ-१६, जवळ आहे का? त्यात ह्यांचा स्वतःचा जबाब असतो, कमांडिंग ऑफिसरचाही असतो. तो नीट वाचा. नसेल तर माहिती अधिकारात मागवा, भरतीच्या मेडिकलची नक्कलही मागा. पण ती येईपर्यंत अपील अडवून ठेवू नका.

भरतीच्या मेडिकलचं महत्त्व असं. धरमवीर सिंग म्हणून एक जवान होता, त्याला फेफऱ्याचा आजार. २ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत जडला असं धरायचं. बोर्डाला तसं वाटत नसेल तर बोर्डानं कारणं लिहायची, सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही. ‘सुरुवात पीस स्टेशनला’ एवढ्यावर भागत नाही. आणि कुणी नवीन नियम दाखवले तर सांगा की ते २१ सप्टेंबर २०२३ पासूनचे आहेत, ह्यांची निवृत्ती त्याआधीची.

पैशाचं गणितही बघून ठेवा. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात. पगार ४०,००० धरला तर २० टक्क्यांचे महिना २,४०० होतात. २० टक्क्यांना वर ५० धरून मोजायची सवलत आहे, ती मिळाली तर ६,०००. २००१ च्या सरकारी पत्रात ही सवलत मुदतीआधी बोर्ड-आऊट झालेल्यांनाच, म्हणजे आजारामुळं घरी पाठवलेल्यांनाच, होती, पण राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टानं ती पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केली. ही मागणी आत्ताच अपिलात घाला.

माजी सिग्नलमन, सांगली:
वहिनी, दुसरंही फेटाळलं तर घरी बसू नका. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबईला खंडपीठ आहे, तिथं सहा महिन्यांत अर्ज टाका. माझी केस कानाची होती. मी ‘काय होणार’ म्हणून सात वर्षं घालवली. शेवटी बाजूनं निकाल लागला, पण थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळाली. मधल्या चार वर्षांचा पैसा गेला, त्यात मुलीचं शिक्षण झालं असतं.

वॉर्ड नंबर चार:
मी न्यूरोच्या वॉर्डात नर्स आहे. अर्धशिशीत एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. निदान रुग्णाच्या सांगण्यावरून होतं, म्हणून आजपासून एक वही घाला. किती वाजता उठलं, कुठली बाजू, उलटी, उजेड सोसतो का, गोळी कुठली, कधी उतरलं. ती वही ईसीएचएसमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून, न्यूरोलॉजिस्टला दाखवून त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि भाऊ साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस किंवा जास्त घेत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं.

सातारची लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ह्यांची काळी ट्रंक उपसली. तळाला माझ्याच नावची आंतरदेशीय पत्रं निघाली, दोऱ्यानं बांधलेली. त्यातल्या एकात लिहिलंय, ‘उजव्या बाजूनं डोकं इतकं ठणकतं की बर्फाकडं बघवत नाही. आईला सांगू नको.’ पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ५६ ए.पी.ओ., म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता, आहे आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का नोव्हेंबर २०११ चा. हे चालेल का? तेव्हाचा जोडीदार कराडजवळ राहतो, तोही लिहून द्यायला तयार आहे.

निवृत्त सुभेदार क्लार्क:
ताई, चालेल. निदानाच्या दोन वर्षं आधीची तारीख शिक्क्यासकट तुमच्या हातात आहे. दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा, शिक्का स्पष्ट उमटला पाहिजे. मूळ पत्र कुणालाही देऊ नका, लॅमिनेशनही नको. जोडीदाराचं प्रतिज्ञापत्र नोटरी करून घ्या, त्यात पोस्टवर एकत्र असल्याच्या तारखा हव्यात. सोमवारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मसुदा दाखवा आणि त्याच आठवड्यात स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा.