वहिनी म्हणते, 'काही नको'

विषय: खानापूरची बाळंतीण

नमस्कार मंडळी,
फराळाच्या वर्गणीच्या मेलींत हे घुसवत नाही. खानापूरला वहिनी बाळंत होऊन सहा आठवडे झाले. माहेर येळ्ळूरला, तासाभरावर, तरी गेली नाही. शेकशेगडी, डिंकाचे लाडू सगळं आई करतेय. व्हिडिओ कॉलवर एकच, "काही नको वन्सं, बरी आहे मी." आई कौतुक करते, किती समंजस, कध्धी हाक मारत नाही. परवा बाळ रडत होतं आणि ही दुपट्याची घडी घालत होती. घातली, मोडली, परत घातली. आई म्हणते ओलं अंग आहे, जाईल. कुणाला काही सुचतंय?
— खानापूरची लेक

उत्तर: खानापूरची बाळंतीण

अगं, मी इथे प्रसूती विभागात नर्स आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसाची रडारड दोन आठवड्यांत ओसरते. सहा आठवडे म्हणजे ते नव्हे.

लहान मुलाचा आईशी बंध कसा जुळतो ते बोल्बी आणि एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं. १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी तेच मोठ्यांच्या नात्यांना लावलं. एखादीला सारखी धास्ती, माणूस आपल्याला सोडेल की काय. एखादी जवळ येऊच देत नाही, मागणं म्हणजे कमीपणा. नैराश्याशी पहिल्या तऱ्हेचा संबंध जास्त ठळक दिसतो. पण ती दिवसाला दहा फोन करते, म्हणून कळतं तरी! दुसरीचं आपण कौतुक करतो. अर्थात वहिनी कुठली, हे मी इथून ठरवणार नाही, तूही ठरवू नकोस.

बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपायला एडिनबरा प्रश्नावली असते, तीही १९८७चीच. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल, ३० पैकी गुण. त्यावरून निदान होत नाही, डॉक्टरांकडे न्यायचं का ते कळतं. दहावा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटलं का, हा. तो गाळू नकोस. विचारल्यानं डोक्यात येत नाही. आणि सासूसमोर विचारशील तर "बरी आहे" हेच ऐकशील.

उत्तर: उत्तर: खानापूरची बाळंतीण

रात्री-अपरात्री लागलं तर टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. २०२२ पासून आहे. फुकट, आणि मराठीतही बोलतात की. (भाषेवरनं इथं सुरू होऊ नका, हात जोडतो.) गावातल्या आशाताईंनाही कानावर घाला.
— निपाणीचे काका

उत्तर: उत्तर: उत्तर: खानापूरची बाळंतीण

आईला लाडू वळायला धाडलं आणि विचारलं. दहाव्याला बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तसं नाही वन्सं, पण सकाळ होऊ नये वाटतं." दादा उद्या रजा टाकून बेळगावला डॉक्टरांकडे नेतोय, रात्री बाळाला तोच घेणार आहे. फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "माझ्या आईला बोलवाल?"
येळ्ळूरला आत्ताच फोन लावला.