शब्दचर्चा : कुरियरच्या हिशेबातलं ‘वजन’ नेमकं कोणतं?

प्रश्न :
बचत गटाचं ऑनलाइन दुकान वूकॉमर्सवर (वेबसाइटवर दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरवर) उभं करतेय. माल नोंदवायचं पान मराठीत हवंय, कारण ते गटातल्या बायकाच भरणार आहेत. कुरियरचा खर्च तिथे भरलेल्या वजनावरून निघतो. नुसतं ‘वजन’ लिहिलं तर लोणच्यापुढे ५०० ग्रॅम भरलं जाईल, कारण बरणीवर तेच छापलेलं असतं. काच धरलीच जाणार नाही. ‘ग्रॉस वेट’ला, म्हणजे वेष्टणासकट वजनाला, ‘ढोबळ वजन’ सापडलं. बरोबर वाटतं का?

प्रतिसाद १ :
ढोबळ नकोच. ‘ढोबळ नफा’ हिशेबनिसाला कळतो, पण ढोबळ वजन म्हटलं की माणूस अंदाज ठोकतो. बरणीवर छापतात ते निव्वळ वजन. आवेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांप्रमाणे ते वेष्टण वगळूनच लिहावं लागतं. त्याच्या जोडीला बाजार समितीतला शब्द घ्या : ‘बारदानासह वजन’. गावाकडे तो समजावून सांगावा लागत नाही.

प्रतिसाद २ :
बारदान म्हटलं की गोणपाटच डोळ्यांपुढे येतं, काचेची बरणी नाही. ‘धडा’ही आठवला. सुटं तेल घ्यायला डबा नेला की दुकानदार आधी डब्याचा धडा करतो. पण धडा करतात तो भांड्याचं वजन हिशेबाबाहेर ठेवायला, इथे तर ते धरायचंय. सरळ ‘पॅकिंगसह वजन’ लिहा.

प्रतिसाद ३ :
‘पॅकिंग’मध्ये एक मोठी अडचण आहे. त्यात बाहेरचा खोकाही येतो. वूकॉमर्स प्रत्येक नगाचं वजन नगांच्या संख्येने गुणतं. गिऱ्हाइकाने तीन बरण्या मागवल्या तर खोका एकच, पण त्याचं वजन तीनदा लागेल. कुरियरचे दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतात, म्हणजे भुर्दंड गिऱ्हाइकाला. खोक्याचं वजन दर काढणाऱ्या प्लगइनमध्ये (वूकॉमर्सला वरून जोडायच्या सोयीत) एकदाच मिळवा. चौकटीवर मात्र ‘भरल्या बरणीचं वजन’ लिहा. वाचणारी बाई झाकणासकट बरणी उचलून काट्यावर ठेवेल, आणि मला वाटतं शब्दाकडून एवढंच हवंय.

प्रश्नकर्ती :
हे पटलं. पण कुरडया-पापडांना बरणी नसते, म्हणून ‘भरल्या नगाचं वजन’ करते. आणि कुरियरवाले खोक्याच्या मापांवरून काढतात त्या ‘व्हॉल्युमेट्रिक’ वजनाला काय म्हणावं?

प्रतिसाद ३ :
‘घनफळी वजन’. घनफळ शाळेपासून ओळखीचं आहे. कुरडयांचा ४० × ३० × २० सेंमीचा खोका घ्या. गुणाकार २४,०००, बऱ्याच कुरियरवाल्यांच्या रीतीने ५,०००ने भागला की ४.८ किलो. आत माल दोनच किलो असला तरी आकारणी ४.८ किलोची, कारण दोन्हींतलं जास्त ते धरतात. गिऱ्हाइकाला ‘आकारामुळे धरलेलं वजन’ असं फोडून सांगा. कुरडयांच्या दुकानात हा प्रश्न रोज येणार.

प्रतिसाद १ :
‘भरल्या नगाचं वजन’ला माझीही संमती. फक्त पुढे कंसात ‘किलो’ लिहाच. चौकट किलोची असताना ५०० भरलं तर अर्धा टन होतो. आणि मागाहून सेटिंगमध्ये किलोचे ग्रॅम केले तर आधी भरलेले आकडे आपोआप बदलत नाहीत, एकेक दुरुस्त करावे लागतात. त्यामुळे एकक आधी ठरवा, मग माल चढवा.