एल आल्तोच्या वस्त्यांत एवढी ताकद आली कुठनं?

खानापूरकर: मी खानापूर तालुक्यातला. बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, अनगोळात भाड्याच्या खोलीत. भात लावणीला आणि गणपतीला गावाकडं. बोलिव्हियातल्या एल आल्तोबद्दल वाचलं: खेड्यांतनं आलेल्या आयमारा ह्या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी २००३ मध्ये राष्ट्राध्यक्षाला घालवलं म्हणे. आमच्या रांगेत शेजारच्या खोलीत कोण राहतंय ठाऊक नाही. मतबी गावातच. त्यांना कसं जमलं? गरिबीमुळं, असं सांगू नका. ती इथंबी आहे.

जुना मास्तर, शहापूर: आधी जागा बघा. सरकार जिथनं चालतं ते ला पाझ शहर खाली दरीत, एल आल्तो वर पठारावर, चार हजार मीटर उंच. विमानतळ वर, सेंकाताचा इंधनसाठाही वर. वरचे रस्ते अडवले की ला पाझचे पेट्रोल पंप कोरडे. १७८१ मध्ये आयमारा बंडाचा पुढारी तुपाक कातारीनं ला पाझला वेढा घातला तोही ह्याच पठारावरनं.

पण नुसत्या जागेनं काय होतंय? १९८३ च्या दुष्काळानं शेतकरी आले. १९८५ नंतर कथिलाच्या सरकारी खाणींतनं वीस हजारांवर कामगार काढले, त्यातलेही बरेच इथंच आले. एकांना गावसभेची सवय, दुसऱ्यांना युनियनची. बहुतेकांनी प्लॉट घेऊन कच्च्या विटांची घरं बांधली. पाणी, गटार, शाळा, काहीच नव्हतं. मग वस्तीवस्तीची समिती, आणि १९७९ पासून त्या सगळ्यांचा महासंघ, फेहुवे. सभेला गैरहजर राहिला की दंड! त्यामुळं गॅस चिलीमार्गे परदेशी विकायचा बेत आला तेव्हा माणसं गोळा करायला पुढारी लागला नाही, हजेरीपट तयारच होता. साठावर माणसं मेली. १७ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष सांचेस दे लोसादा राजीनामा देऊन अमेरिकेला गेला.

तुमचा फरक प्लॉटचा आहे. भाडेकरूला गल्लीतले पंच वर्गणीला बोलावतात, बैठकीला नाही. आपली मोठी चळवळ १९५६ पासून सीमेची, भाषेची. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मीही चाललोय. पण खोलीतल्या कामगाराचं पाणी तिच्या मागण्यांत कधी नव्हतं, हे कबूल करायला पाहिजे.

निपाणीची: सर, दंड लावून आणलेल्या गर्दीला एकी म्हणायचं का? आणि २००५ च्या शेवटी मोरालेस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर ह्याच संघटनांचे काही पुढारी सत्तेच्या मांडीवर जाऊन बसले. तेवढंबी सांगा की.

जुना मास्तर, शहापूर: बसले, खरं आहे. दंडाचं मात्र मला वावडं नाही. पाणी सगळ्यांना पाहिजे, सभेला चौघंच का यावं?

खानापूरकर: आमच्याकडं नळाला पाणी कमीच. पंधरा खोल्या, एक नळ. रविवारी सगळ्यांना बसवू म्हणतो.

निपाणीची: घरमालकालाबी बोलवा. नळजोडणी त्याच्या नावावर असणार, अर्जावर सही त्याचीच लागेल.