समृद्धी महामार्गावरची १२० ची वेगमर्यादा १४० करावी का?

रानवाट (नागपूर)

कामानिमित्त नागपूर ते सिन्नर असा समृद्धी महामार्गाने माझा नेहमी प्रवास होतो. हा रस्ता ताशी १५० किलोमीटर वेग गृहीत धरून आखलेला आहे, असे आपण पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाल्यापासून ऐकत आलो आहोत. मोटारींना परवानगी मात्र १२० चीच आहे. २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी द्रुतगती मार्गांवर १४० ची मर्यादा असावी, असे आपले मत जाहीरपणे मांडले होते. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने, १२० ची मुभा देणारी केंद्राची २०१८ ची अधिसूचना रद्द ठरवली होती. मंत्री दोरी वर ओढत होते आणि न्यायालय खाली, असा तो प्रकार होता.

हिशेब साधा आहे. भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचे सगळे ७०१ किलोमीटर १२० ने कापायला पाच तास पन्नास मिनिटे लागतात, १४० ने बरोबर पाच तास. कारंजा ओलांडले की रस्ता इतका सरळ आणि मोकळा मिळतो की १२० वर गाडी रांगते आहे असे वाटू लागते. ‘आपल्या लोकांना शिस्त नाही’ हे एका ओळीचे उत्तर मला ठाऊक आहे, त्यामुळे कृपया त्यापलीकडचे लिहावे.

मोजपट्टी

रस्तेबांधणीत नोकरीची बरीच वर्षे घालवली असल्यामुळे आधी १५० च्या आकड्याबद्दल लिहितो, कारण तो फार चुकीच्या अर्थाने वापरला जातो. रस्ता आखताना जो वेग धरतात त्यावरून वळणाची त्रिज्या, वळणावर रस्त्याला द्यायचा आडवा उतार, चढ कुठे संपावा आणि चालकाला पुढचे किती अंतर दिसावे हे ठरते. म्हणजे कोरडा रस्ता, चांगले टायर आणि जागा चालक असेल तर त्या वेगाला वळण गाडीला बाहेर फेकणार नाही, एवढीच ती हमी असते. पुलाची वहनक्षमता अमुक टन आहे म्हणून रोज तेवढाच भार त्यावरून न्यावा, असे कोणी म्हणत नाही. १२० आणि १५० यांच्यामधली जागा ही तशीच राखून ठेवलेली सवलत आहे.

आता थांबण्याच्या अंतराचे गणित पाहू. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर १२० च्या वेगात गाडी तेवढ्यात ५० मीटर पुढे गेलेली असते आणि १४० च्या वेगात ५८ मीटर. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाबून थांबायला पहिलीला साधारण ८० मीटर लागतात, दुसरीला १०८. एकूण १३० विरुद्ध १६६. फरक ३६ मीटरचाच दिसतो, पण १२० ची गाडी ज्या जागी पूर्ण थांबलेली असते त्याच जागी १४० ची गाडी अजून ताशी ८० च्या आसपास धावत असते. ज्या चाचण्यांवरून आपण गाडीला किती तारे मिळाले हे अभिमानाने सांगतो, त्यातली समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते.

पन्नास मिनिटांसाठी हा सौदा मला महाग वाटतो.

खोपोलीकर

मोजपट्टी यांचे गणित बरोबर आहे, पण त्या न्यायाने ८० ची मर्यादा १०० पेक्षा चांगली आणि ६० ची त्याहून चांगली ठरेल. कुठेतरी रेघ ओढावीच लागते आणि ती कुठे ओढायची हाच तर वादाचा विषय आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे उदाहरण घ्या. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या रस्त्यावर मोटारींसाठी अनेक वर्षे ८० ची मर्यादा होती आणि ती जवळपास कोणीच पाळत नव्हते. २०१९ मध्ये घाट वगळता ती १०० झाली. या मार्गावर २०१६ साली अपघातांत १५१ माणसे गेली होती. २०२३ पर्यंत हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. मर्यादा वाढवल्यामुळे मृत्यू कमी झाले असा माझा दावा अजिबात नाही. दुभाजकांवरचे लोखंडी कठडे, उघड्या खांबांना दिलेले संरक्षण, गस्त आणि जखमींना लवकर मिळणारी मदत यांचे ते श्रेय आहे. मात्र मर्यादा वीसने वाढली म्हणून हाहाकार झाला नाही, हेही तितकेच खरे आहे.

याच रस्त्यावर २०२४ पासून सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आले. त्याआधी लोक कॅमेरा दिसला की करकचून ब्रेक दाबत आणि पुढे गेले की पुन्हा सुसाट सुटत. (मीही त्यांतलाच होतो, आणि एका पावसाळ्यात माझ्या मागच्या गाडीने त्यापायी माझा बंपर चेपला.) आता घाटाबाहेरच्या अंदाजे पाऊणशे किलोमीटरच्या पट्ट्यात १२० ला परवानगी द्यावी असे मला वाटते. त्यातून साडेसात मिनिटेच वाचतील, पण लोक ज्या वेगाने सहज जातात त्याच्या जवळपास कायदा असला तर तो पाळला जातो. समृद्धीवरच्या १४० ला मात्र माझाही पाठिंबा नाही.

चाकावर पोट (जालना)

माझे चार ट्रक आहेत आणि त्यांतला एक तरी रोज समृद्धीवर असतो. वरची चर्चा मोटारींच्या काचेतून चालली आहे, म्हणून ट्रकच्या केबिनमधून काय दिसते ते लिहितो.

मालवाहू ट्रकला ८० ची मर्यादा आहे आणि नव्या गाड्यांना वेगनियंत्रक बसवूनच मिळतो. तो काढून टाकणारे आहेत, हे मान्य. पण पूर्ण भरलेली गाडी चढावर ८० तर सोडाच, ४० वर आली तरी चालक देवाचे नाव घेतो. तिच्या मागून १२० ने मोटार येते तेव्हा दोघांतले अंतर ताशी ८० किलोमीटरने कमी होत असते. १४० ने आली तर १०० ने. रात्री ट्रकचा मागचा दिवा बंद असेल, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिखलाने माखल्या असतील आणि मोटारवाल्याला तो साठ मीटरवर आल्यावरच दिसला, तर त्याच्या हातात पहिल्या वेळी पावणेतीन सेकंद असतात आणि दुसऱ्या वेळी दोनच्या थोडे वर. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्री वैजापूरजवळ एक लहान प्रवासी बस ट्रकवर मागून आदळून १२ जण गेले, ते आठवावे. वेगमर्यादा सर्वांत वेगवान गाडीकडे पाहून ठरवायची नसते, रस्त्यावरच्या सर्वांत मंद गाडीकडे पाहून ठरवायची असते.

टायरबद्दलही थोडे लिहितो. टायरच्या बाजूवर वेगाचे अक्षर असते. एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. हे वाचून माणूस निर्धास्त होतो. पण ती क्षमता टायर नवा, हवा योग्य आणि वजन मर्यादेत असतानाची असते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातल्या तापलेल्या काँक्रीटवर, हवा कमी असलेल्या चाकांवर पाच माणसे आणि टपावर सामान घेऊन तीन तास न थांबता गाडी हाकली, तर त्या अक्षराला काही अर्थ उरत नाही. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि त्यातूनच उष्णता वाढत जाते. मी माझ्या चालकांना दर दोन तासांनी उतरून चाकांना हात लावायला सांगितले आहे. त्या निमित्ताने झोपही उडते.

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

कोणीतरी जर्मनीचे उदाहरण देईलच, म्हणून मीच देतो. येथील आउटोबान म्हणजे द्रुतगती मार्गांच्या बऱ्याच भागांवर मोटारींना सक्तीची मर्यादा नाही हे खरे आहे. मात्र १९७८ पासून १३० हा शिफारस केलेला वेग आहे, आणि त्याहून वेगात असताना अपघात झाला तर चूक दुसऱ्याची असूनही नुकसानीचा काही वाटा तुमच्या अंगावर येऊ शकतो. ट्रकना येथेही ८० च आहे, म्हणजे जालन्याच्या मित्रांनी सांगितलेला फरक येथे अधिकच मोठा आहे.

तरीही ते चालते, याचे कारण लेनची शिस्त. येथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. डावी लेन ओव्हरटेक करण्यापुरतीच असते, काम झाले की उजवीकडे परतावेच लागते आणि उजवीकडून पुढे घुसणे हा दंडनीय गुन्हा आहे. समृद्धीवरून मी गेल्या दिवाळीत आलो तेव्हा मला सर्वांत जास्त भीती वेगाची वाटली नाही, तर ओव्हरटेकच्या लेनमध्ये ६० ने निवांत चाललेल्या ट्रकची आणि त्याला डावीकडून मागे टाकणाऱ्या मोटारींच्या रांगेची वाटली. त्या रांगेत मीही होतो, कारण दुसरा मार्गच नव्हता.

रानवाट

सर्वांचे आभार. ‘चाकावर पोट’ यांच्या साठ मीटरच्या उदाहरणाने मी खरोखर विचारात पडलो, कारण मी बहुधा संध्याकाळी उशिरा निघतो आणि मेहकरच्या पुढे अंधारच असतो. १४० चा आग्रह मी सोडतो. एक शंका मात्र उरते. भर दुपारी कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर आणि जुलैच्या मुसळधार पावसात रात्री दोन वाजता मर्यादा एकच का असावी?

मोजपट्टी

ती एकच नसावी, असे माझेही मत आहे. फ्रान्समध्ये अशा रस्त्यांवर एरवी १३० ची मर्यादा असते आणि पाऊस असताना ११० ची; त्यासाठी वेगळे तंत्रज्ञानही लागत नाही, नियमात तसे लिहिलेले पुरते. आपल्याकडे ओल्या रस्त्यावर १२० च्या वेगातली गाडी थांबायला, दीड सेकंदाचे ५० मीटर धरून, सुमारे १९० मीटर लागतात, म्हणजे कोरड्या रस्त्यावर १४० ने जाणाऱ्या गाडीपेक्षाही जास्त. कमानींवरच्या बदलत्या फलकांवर पावसात १०० आणि दाट धुक्यात ६० असा आकडा दाखवता येईल. अडचण इतकीच, की चालान काढणाऱ्या कॅमेऱ्याला तोच आकडा त्याच मिनिटाला कळला पाहिजे. नाहीतर फलक १०० सांगणार आणि कॅमेरा १२० पर्यंत सर्वांना सोडून देणार.