दुर्बिणीची वाट पाहायची, की कालनिर्णयवरच्या नोंदींवर गोळी सुरू करायची?

रानजाई
माझी धाकटी बहीण, वय २६, लग्न झालेलं नाही. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत तिचा उजवा खांदा दुखतो. पोटदुखी आहेच, पण ती निदान लोकांना कळते तरी. त्याच दिवसांत शौचाला बसलं की आत सुरी फिरवल्यासारखं होतं, मांडीपासून पोटरीपर्यंत कळ जाते, आणि पोट इतकं फुगतं की सकाळी बांधलेली सलवारीची नाडी दुपारी सैल करावी लागते. खांद्यासाठी हाडांचे डॉक्टर झाले, पोटासाठी पोटाचे झाले, पायासाठी कमरेचा एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. पाळीची तारीख कुणी विचारली नाही.

शेवटी आईने कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी अक्षरं लिहायला सुरुवात केली. ख म्हणजे खांदा, श म्हणजे शौच, प म्हणजे पाय. काही महिन्यांची पानं शेजारी शेजारी ठेवली तर अक्षरं दर वेळी पाळीच्या आसपासच गोळा झालेली. ती पानं बघून एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, तो आजार) दाट शंका आहे, डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिलिग्रॅम रोज सुरू करू. दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं, आधी दुर्बिणीचं ऑपरेशन, म्हणजे भूल देऊन पोटात दुर्बीण घालून बघायचं, खात्री झाल्याशिवाय हार्मोन नाहीत.

माझं मत गोळी सुरू करावी असं आहे. युरोपच्या 'एश्रे' या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत निदानासाठी सरसकट दुर्बीण नको, असंच सांगितलंय: तपासण्यांत काही दिसलं नाही आणि औषधाने गुण आला नाही किंवा औषध देणं योग्य नसेल, तर दुर्बीण. हा आजार प्रजननक्षम वयातल्या साधारण १० टक्के बायकांना असतो आणि निदानाला वर्षानुवर्षं जातात. त्यात भर कशाला?

कातळवाट
मी विरोधात आहे. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोग आहे, हे युरोपच्या सूचना वाचताना विसरू नका. ओटीपोटात दुखणं, अंडाशयाशेजारी गाठ, रक्ततपासणीत सीए-१२५ हे प्रथिन वाढलेलं, हे सगळं टीबीतही दिसतं. माझ्या नात्यातल्या मुलीला 'चॉकलेट सिस्ट (याच आजारात अंडाशयावर होणारी गाठ) असावी' म्हणून हार्मोनवर ठेवलं होतं. तुकडा तपासल्यावर टीबी निघाला. तोवर गर्भनळ्या खराब झाल्या होत्या.

दुसरं, मूत्रवाहिनीवर हा आजार बसला तर मूत्रपिंड हळूहळू सुजतं आणि बऱ्याचदा काहीच दुखत नाही. गोळीने पोट शांत झालं म्हणून घरचे निर्धास्त होणार, आणि आत मूत्रपिंड जाणार. कालनिर्णयवर त्याचं अक्षर कुठून येईल?

मंजिरी_के
कातळवाट, मुद्दा मान्य. पण टीबीची भीती दाखवून प्रत्येक पोरीला भूल द्यायची का? ऑपरेशनचे पैसे, रजा, 'कुमारिकेच्या पोटाला भोकं' म्हणून नातेवाइकांची कुजबुज, हे सगळं धरून बऱ्याच घरांत 'आधी दुर्बीण' याचा अर्थ 'काहीच नाही' असा होतो.

मी डायनोजेस्ट घेते. ती गोळी सोपी नाही, हे सांगायलाच हवं. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडत राहिले, पॅड सतत पर्समध्ये. डोकं दुखायचं, केस गळायचे. सगळ्यात वाईट म्हणजे मन. भाजी चिरता चिरता रडू यायचं आणि कारण सापडायचं नाही. आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. आणि ही गोळी गर्भनिरोधक म्हणून चालत नाही, तेही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तरीही घेते, कारण पाळीच्या दिवसांत आता मी शाळेत उभी राहून शिकवू शकते.

सुनंदा ताई
मुलींनो, इतक्या गोळ्यांपेक्षा लग्न होऊन एक मूल झालं की हे बसतं. आमच्यात दोघींचं तसंच झालं. नाहीच बसलं तर नंतर पिशवी काढून मोकळं व्हावं.

मंजिरी_के
ताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, हा सल्ला देऊ नका. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून कुणाकुणाला तेवढा काळ बरं वाटतं, पुढे दुखणं परत येऊ शकतं. औषध म्हणून मूल होऊ द्या, असं डॉक्टरांनी सांगू नये, हे त्याच २०२२ च्या सूचनांत आहे. आणि ज्यांना मूल राहायलाच त्रास होतो, त्यांना हे ऐकून काय वाटत असेल? पिशवीचं म्हणाल तर हा आजार पिशवीबाहेर असतो, आतड्यावर, मूत्राशयावर, श्वासपटलावर (छाती आणि पोट यांमधल्या पडद्यावर). ती काढून ते कसं जाईल? 'पिशवी काढा' हे किती सहज सांगितलं जातं ते बीडने दाखवलंय. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती.

वैद्यकीय_कोल्हापूर
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण दोन गोष्टी राहून गेल्यात.

खांदा. श्वासपटलावर, विशेषतः उजव्या बाजूला, आजाराचे ठिपके असतील तर तिथली नस मानेतून येत असल्यामुळे वेदना खांद्यात जाणवते. पाळीच्या दिवसांत खांद्यासोबत छातीत दुखलं किंवा दम लागला तर त्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढा. फुप्फुसाभोवती हवा साठलेली असू शकते. ती वेळ गोळीच्या चर्चेची नाही.

आणि सोनोग्राफी. लग्न न झालेल्या मुलींची आपल्याकडे बहुतेक पोटावरूनच होते. तिच्यात खोलवरचा आजार सहज निसटतो, त्यामुळे 'नॉर्मल' रिपोर्टवर थांबू नये. योनीमार्गाने करायची नसेल तर ओटीपोटाचा एमआरआय करावा आणि तो हा आजार वाचण्याची सवय असलेल्या रेडिओलॉजिस्टकडून वाचून घ्यावा. वरवरचे ठिपके मात्र एमआरआयलाही दिसत नाहीत.

कातळवाट
म्हणजे डॉक्टर, एमआरआय साफ आला तरी आजार असू शकतो. मग दुर्बिणीला पर्याय काय?

वैद्यकीय_कोल्हापूर
गोळी देऊन बघणं, हाच. पण मुदत ठरवून. तीन ते सहा महिन्यांत फरक नसेल तर दुर्बीण, आणि ती खोलवरचा आजार काढण्याचा अनुभव असलेल्या हाताने, नुसतं डोकावण्यासाठी नव्हे. टीबीची शंका घेण्याजोगं काही असेल, म्हणजे ताप, वजन घटणं, घरात टीबी, पोटात पाणी, तर मी गोळीआधीच त्या तपासण्या करेन.

रानजाई
बहिणीला ताप नाही, वजन तेवढंच आहे, घरात टीबी नाही. पण कमरेचा एमआरआय झाला म्हणजे ओटीपोटाचाही झाला असंच आम्ही धरून चाललो होतो. आता ओटीपोटाचा एमआरआय आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी करून घेतो, मग गोळी. दुर्बीण आधी नकोच, हे माझं मत कायम आहे.

कातळवाट
माझंही कायम आहे, पण मूत्रपिंड बघताय हे बरं केलंत. गोळी सुरू झाल्यावर आईंना अक्षरं लिहिणं थांबवू देऊ नका. डाग पडले की ड, मन खाली गेलं की म. सहा महिन्यांनी 'फरक पडला का' असं डॉक्टर विचारतील तेव्हा ती पानंच पुढे ठेवा.